सुट्टीतले संशोधन, विद्यावेतनासह : ब्रिटनमधील एका योजनेचे परीक्षण

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मुले सोळा-सतरा वर्षांची झाली की एक विचारणा हमखास सुरू होते : उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळेल का, आणि त्यासाठी ‘नफिल्ड’ला अर्ज करावा का? उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात मी जीवरसायनशास्त्राच्या संशोधन गटात काम करते आणि या योजनेतून आलेल्या विद्यार्थ्यांना काही उन्हाळे मार्गदर्शन केलेले आहे. त्यामुळे पुढील परीक्षण अर्जदाराच्या बाजूने कमी आणि यजमान प्रयोगशाळेच्या बाजूने अधिक लिहिलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

योजना थोडक्यात अशी. इंग्लंडमधील ‘इयर ट्वेल्व्ह’चे, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीच्या वयाचे, विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित शिकणारे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठात, संशोधन संस्थेत किंवा उद्योगात जाऊन एका खऱ्या प्रकल्पावर काम करतात. नफिल्ड फाउंडेशनच्या नावाने ती चालत असे तेव्हा हा काळ साधारणपणे चार ते सहा आठवड्यांचा असे आणि दर वर्षी हजाराहून अधिक विद्यार्थी तिचा लाभ घेत. पुढे तिचे व्यवस्थापन यॉर्क येथील ‘स्टेम लर्निंग’ या संस्थेकडे आले आणि आता तिचे नाव ‘रिसर्च प्लेसमेंट्स अँड एक्स्पीरियन्सेस’ असे आहे. जुने नाव मात्र शिक्षकांच्या आणि पालकांच्या तोंडात इतके बसले आहे, की नवे नाव सांगितल्यावर ‘म्हणजे नफिल्डच ना?’ असे विचारले जातेच, म्हणून येथेही मी तेच वापरणार आहे.

ज्यांच्या नावाने ही योजना ओळखली गेली ते लॉर्ड नफिल्ड, म्हणजे मॉरिस मोटारींचे विल्यम मॉरिस, स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करू लागले होते. त्यांनी १९४३ मध्ये फाउंडेशन स्थापन केले. इंग्लंडमधील जोड्रेल बँक वेधशाळेच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या बांधकामात झालेले कर्ज १९६० मध्ये फिटले, तेही त्यांच्या आणि फाउंडेशनच्या पैशाने. अशा माणसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या योजनेत ‘हा खर्च मुलाला परवडेल का’ हा प्रश्न पहिल्यापासून विचारात घेतलेला असावा, यात नवल नाही.

माझ्या मते योजनेचे मूल्य ठरवणारी गोष्ट हीच आहे. नफिल्डच्या काळात प्रवासखर्च सर्व विद्यार्थ्यांना परत मिळत असे आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना त्यावर साप्ताहिक विद्यावेतनही दिले जाई. ही रक्कम आठवड्याला शंभर पौंडांच्या आतबाहेर असे. ती मोठी आहे का? २०१९ मध्ये अठरा वर्षांखालील कामगारांचे किमान वेतन तासाला ४.३५ पौंड होते, म्हणजे आठवड्यातून ३५ तास दुकानात उभे राहिलेल्या मुलाच्या हाती सुमारे १५२ पौंड पडत. तेव्हा विद्यावेतन घेऊन प्रयोगशाळेत आलेला मुलगा सुपरमार्केटमधल्या आपल्या मित्रापेक्षा कमीच कमावत होता. तरीही बसभाडे आणि दुपारचे जेवण घरच्यांच्या खिशातून जाणार नाही एवढी खात्री असणे, आणि सुट्टी ‘फुकट घालवली’ असे घरात कोणाला म्हणता न येणे, या दोन गोष्टींवर कितीतरी मुलांचे येणे अवलंबून असते. ज्या घरात सतरा वर्षांच्या मुलाच्या उन्हाळी कमाईचा हिशेब आधीच मांडलेला असतो, तेथे बिनपगारी अनुभव ही चैन ठरते. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ‘सर्वांसाठी खुली’ म्हणून झळकणाऱ्या बिनपगारी संधींना नेमकी कोणती मुले येतात, हे त्यांच्या आडनावांवरून नसले तरी त्यांच्या पत्त्यांवरून सहज कळते.

प्रवेशाच्या अटीही याच विचारातून आल्या आहेत. सुरुवातीला गुणवत्ता आणि आवड यांवर भर होता, पुढे योजना स्पष्टपणे वंचित विद्यार्थ्यांकडे वळली : घरचे वार्षिक उत्पन्न ३० हजार पौंडांपेक्षा कमी असणे, शाळेत मोफत जेवण मिळणे, पालकांपैकी कोणीही विद्यापीठात न गेलेले असणे, किंवा मूल शासकीय संगोपनात वाढलेले असणे, असे निकष पुढे आले. निकषांचे तपशील आणि विद्यावेतनाची रक्कम बदलत असते, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे. येथे आपल्या मंडळींची तक्रार सुरू होते. ब्रिटनमधील बहुसंख्य मराठी कुटुंबे संगणक क्षेत्रातील किंवा वैद्यकीय नोकऱ्यांवर आलेली आहेत. आई-वडील दोघेही पदवीधर, बहुतेक वेळा द्विपदवीधर, आणि उत्पन्न मर्यादेच्या बरेच वर. गणेशोत्सवाच्या जेवणात ‘आमच्या मुलाला नऊ विषयांत सर्वोच्च श्रेणी असूनही तो अपात्र कसा?’ असे एका वडिलांनी मला बऱ्याच रागाने विचारले होते. मला तो अपात्र आहे हेच योग्य वाटते, आणि हे मी त्यांना वरणभात संपायच्या आत सांगूनही टाकले. त्या मुलाच्या घरात प्राध्यापकाला ईमेल कसा लिहावा हे सांगणारी दोन माणसे आहेत. योजना ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या घरात ‘प्राध्यापकाला आपण लिहू शकतो’ हेच कोणाला ठाऊक नसते. शिवाय जागा मर्यादित असतात. निकष सैल केले, तर त्या जागा सर्वांत आधी कोण भरेल हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. येथे योजनेचा दर्जा एकसारखा नाही, आणि असूही शकत नाही, कारण मुलाचा उन्हाळा कसा जाईल हे अर्ज स्वीकारणारी संस्था ठरवत नाही. ते ठरते यजमान गटाने त्याच्यासाठी कोणता प्रश्न बाजूला काढून ठेवला आहे यावर. चांगला प्रश्न लहान असतो, थोडा कंटाळवाणा असतो आणि गटाला त्याचे उत्तर खरोखर हवे असते. आमच्याकडील एक उदाहरण देते. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम आम्ही नेहमी वापरतो. ते शीतकपाटात ४ अंश सेल्सिअसला, टिकून राहावे म्हणून ग्लिसरॉल घालून ठेवले आणि न घालता ठेवले, तर त्याची क्रियाशीलता किती दिवसांनी किती उतरते, हा प्रश्न आमच्या गटात अनेक महिने कोणी हाती घेतलेला नव्हता, कारण पीएचडी करणाऱ्याला त्यातून शोधनिबंध मिळणार नव्हता. आलेल्या विद्यार्थिनीला आम्ही तोच दिला.

पहिले दोन दिवस मात्र तिला एन्झाइमला हात लावू दिला नाही. पिपेटने, म्हणजे द्रवाचे ठरावीक माप उचलणाऱ्या हातातल्या उपकरणाने, १०० मायक्रोलिटर पाणी उचलायचे, तराजूवरच्या छोट्या भांड्यात सोडायचे आणि वजन लिहायचे, असे तिने पुन्हापुन्हा केले. वजन ०.१ ग्रॅम यायला हवे. सुरुवातीला तिचे आकडे ०.०९१, ०.१०४, ०.०८८ असे नाचत होते, कारण अंगठा ती झटक्यात सोडत होती आणि टोकात हवेचा बुडबुडा शिरत होता. पिपेटची कळ आधी पहिल्या थांब्यापर्यंतच दाबून टोक पाण्यात बुडवायचे, कळ सावकाश वर येऊ द्यायची, आणि पाणी सोडताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून शेवटचा थेंब भांड्याच्या कडेला टेकवायचा, हे शब्दांत सांगून समजत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे सगळे आकडे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जवळजवळ सारखे येऊ लागले, आणि तेथून पुढे ‘हा फरक एन्झाइमचा आहे की माझ्या हाताचा’ हा प्रश्न विचारायची तिला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत अपेक्षित उत्तर आधीच पुस्तकात छापलेले असते. त्यामुळे हा प्रश्न तेथे कधी उभाच राहत नाही.

त्यानंतरचे काम दिसायला साधे होते. रंगहीन पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेटवर एन्झाइमची क्रिया झाली की द्रावण पिवळे होते, आणि तो पिवळेपणा ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजून आकड्यात मांडता येतो. एकाच दिवशी, एकाच नमुन्याची तीन मोजमापे घ्यायची, सरासरी काढायची, तीन आकड्यांतला फरक किती ते लिहायचे आणि आलेखात एक बिंदू टाकायचा. तिसऱ्या आठवड्यात एका दिवसाचे तीनही आकडे खाली कोसळले. तिने ते वगळले नाहीत, नोंदवही मागे चाळली आणि त्या दिवशी नवे बफर (म्हणजे पीएच, आम्लतेची पातळी, स्थिर ठेवणारे द्रावण) वापरले असल्याची आपलीच नोंद शोधून काढली. बफरचा पीएच चुकलेला निघाला. ते बफर आमच्यापैकीच एकाने बनवलेले होते, त्यामुळे त्या दिवशी चहाच्या वेळी बरीच चेष्टा झाली, पण तिच्या नोंदवहीचे पान पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना दाखवायला मी झेरॉक्स करून ठेवले.

सगळीकडे असे होत नाही. मला ठाऊक असलेल्या एका विद्यार्थ्याला, दुसऱ्या शहरातील एका संस्थेत, मार्गदर्शक रजेवर गेल्यामुळे काचसामान धुणे आणि जुन्या बाटल्यांची यादी करणे एवढेच काम मिळाले. शेवटच्या आठवड्यात त्याला कोणाचे तरी जुने आकडे देऊन ‘यावर पोस्टर कर’ असे सांगण्यात आले. काचसामान धुण्यात कमीपणा नाही, ते आम्ही सगळेच करतो, पण आपल्या प्रश्नासाठी भांडी धुणे आणि प्रश्नाच्या जागी भांडी धुणे यांत फार अंतर आहे. अशा वेळी विद्यार्थ्याने शिक्षकांना किंवा समन्वयकाला पहिल्याच आठवड्यात कळवायला हवे. सतरा वर्षांचे मूल, त्यातही आपले पाहुणे म्हणून वागणारे मूल, ते सहसा कळवत नाही. योजनेने पहिल्या आठवड्यानंतर मुलाशी स्वतंत्रपणे, मार्गदर्शक समोर नसताना, बोलण्याचा नियम कडकपणे पाळावा असे मला वाटते.

यजमानांची बाजूही सांगायला हवी, कारण ती कोणी लिहीत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्ती प्रयोगशाळेत येणार म्हटले की तिच्यासाठी वेगळे जोखीम-मूल्यांकन करावे लागते. किरणोत्सारी पदार्थ, काही जंतू, काही रसायने यांच्यापासून तिला दूर ठेवावे लागते. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवता येत नाही, एकटे सोडता येत नाही. हे सर्व योग्यच आहे, पण याचा रोजचा भार प्राध्यापकावर पडत नाही, तो पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या, स्वतःच्याच प्रयोगांनी त्रासलेल्या कोणावर तरी पडतो. त्याला याचा मोबदला मिळत नाही. मुलाला विद्यावेतन देणाऱ्या योजनेने मार्गदर्शकाच्या वेळेचीही काही किंमत धरली, तर चांगल्या जागा वाढतील, असे माझे मत आहे. सध्या या जागा सद्भावनेवर उभ्या आहेत, आणि सद्भावना नेमकी जुलैमध्ये, सगळे परिषदांना आणि सुट्टीवर गेलेले असताना, आटलेली असते.

भूगोल हा दुसरा दोष. मुलाने घरून ये-जा करायची, असे गृहीत धरले असल्यामुळे लंडन, मँचेस्टर, लीड्स अशा ठिकाणी राहणाऱ्याला निवडीला वाव असतो, तर कॉर्नवॉलच्या टोकाला किंवा कंब्रियातल्या खेड्यात राहणाऱ्याला जवळपास संशोधन संस्थाच नसते. २०२० मध्ये साथीमुळे सगळे काम घरून, पडद्यावर करावे लागले, तेव्हा या मुलांचा अनपेक्षित फायदा झाला. खगोलशास्त्राची किंवा जनुकीय माहितीची विदा (डेटा) पायथन या संगणकीय भाषेत तपासणे, प्रतिमांतील पेशी ‘इमेज-जे’ या संगणक प्रणालीत मोजणे, अशी कामे दुरूनही उत्तम होतात. मात्र ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि अभ्यासाला वेगळी खोली नाही, तेथे दूरस्थ संशोधन कागदावरच राहते. शिवाय चहाच्या खोलीत शेजारी बसलेल्या माणसाकडून ‘मी तिसऱ्या प्रयत्नात पीएचडीला लागलो’ हे ऐकणे पडद्यावर घडत नाही. विदा-विश्लेषणाचे प्रकल्प दुरून आणि रसायने-पेशी हाताळण्याचे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते.

शेवटी विद्यार्थ्याला लेखी अहवाल आणि बहुधा पोस्टर तयार करावे लागते. त्याच कामावर ब्रिटिश सायन्स असोसिएशनच्या, विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रकल्पांना मिळणाऱ्या क्रेस्ट पुरस्काराच्या सुवर्ण श्रेणीसाठीही अर्ज करता येतो. त्या श्रेणीला साधारण ७० तासांचे काम अपेक्षित असते आणि चार आठवड्यांत ते सहज भरते. विद्यापीठ प्रवेशाच्या दृष्टीनेही उपयोग आहे : यूकास या ब्रिटिश विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश संस्थेकडे करायच्या अर्जातील व्यक्तिगत निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागले गेले असून, शिक्षणाबाहेर काय केले आणि ते का उपयोगी ठरले, हा त्यांतला एक प्रश्न आहे. मिळून ४००० अक्षरांत सगळे बसवायचे असल्यामुळे ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ यापेक्षा ‘बफरचा पीएच चुकला होता हे मी नोंदवहीवरून शोधले’ हे वाक्य जागा वाचवते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, तेव्हा अहवाल सप्टेंबरात रेंगाळू न देणे हिताचे.

महाराष्ट्रातील नातेवाईक ‘आपल्याकडे असे काही आहे का’ असे विचारतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम १९९३ पासून चालत आला आहे. आठवी-नववीची मुले एक आठवडा एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काढतात, ठरीव अभ्यासक्रम नसतो, शेवटी अहवाल लिहितात. डॉ. जयंत नारळीकरांच्या त्या संस्थेचा हा उपक्रम कल्पनेच्या दृष्टीने नफिल्डच्या अगदी जवळचा आहे, पण मुले वयाने लहान, काळ आठवड्याचा, आणि विद्यावेतनाचा प्रश्न तेथे येत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना पैसे देऊन विज्ञानाकडे वळवण्याचा आपल्याकडचा मोठा प्रयत्न म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना. १९९९ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’ या केंद्र सरकारच्या दुसऱ्या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली. मात्र ती परीक्षेवर आधारित होती आणि तिची शिष्यवृत्ती विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतल्यावर मिळे. सुट्टीत प्रयोगशाळेत बसवून काम करून घेण्याची ती योजना नव्हती.

पुण्या-मुंबईत अलीकडे फोफावलेला तिसरा प्रकार मात्र मला खटकतो. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ‘संशोधन मार्गदर्शन’ विकणारे वर्ग लाखांनी शुल्क घेतात, ऑनलाइन मार्गदर्शक जोडून देतात आणि शेवटी मुलाच्या नावावर एखादा शोधनिबंध छापून आणण्याचे आश्वासन देतात. येथे पैसा मुलाकडून संस्थेकडे वाहतो, आणि ग्राहकाला खूश ठेवायचे असल्यामुळे निकाल अयशस्वी निघण्याची सोयच उरत नाही. आमच्या विद्यार्थिनीचा निष्कर्ष शेवटी असा होता, की ग्लिसरॉलमुळे पडणारा फरक आम्ही समजत होतो त्यापेक्षा बराच कमी आहे. शुल्क भरून आलेल्या मुलाच्या अहवालात हे वाक्य कोणी छापू दिले असते, याबद्दल मला शंका आहे.

पात्र असलेल्या विद्यार्थ्याने अर्ज जरूर करावा, आणि तो शाळेतील शिक्षकांच्या शिफारशीसह मुदतीच्या बराच आधी करावा, कारण जागा जुळवताना घरापासूनचे अंतर आणि विषय दोन्ही पाहिले जातात आणि हवा तोच विषय मिळेल याची हमी नसते. भौतिकशास्त्र मागितलेल्या मुलीला मातीचा ओलावा मोजण्याचे काम मिळाले तर ते नाकारू नये. ओलावा टिपणाऱ्या संवेदकांचे आकडे अचूक आहेत का हे पडताळून जुळवताना तिला भौतिकशास्त्रच लागेल. जागा स्वीकारण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी ईमेलने विचाराव्यात : रोज माझ्याबरोबर प्रत्यक्षात कोण असेल, ती व्यक्ती माझ्या काळात रजेवर जाणार आहे का, आणि माझ्या कामाचे उत्तर गटात कोणाला हवे आहे. अपात्र ठरलेल्या आपल्या मुलांनी स्वतःच दहा-पंधरा संशोधकांना नेमके, दोन परिच्छेदांचे ईमेल लिहावेत. बहुतेकांचे उत्तर येत नाही, एखाद्याचे येते. क्रेस्ट सुवर्ण श्रेणीसाठी या योजनेतून येण्याची अट नाही, आणि आमच्या विभागात असे स्वतःहून लिहून आलेले विद्यार्थीही काम करून गेले आहेत, अर्थात स्वतःच्या बसभाड्याने.